उणे ब्याऐंशी

नानांचं वजाबाकीशी तसं काही वाकडं नव्हतं. पण आपल्याच गच्चीवर उभं राहून कुणी "उणे पंचावन्न, एकदम उत्तम" म्हणालं, तर चौतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढलेल्या माणसाने ते कसं ऐकून घ्यायचं? शून्याच्या खाली पंचावन्न पायऱ्या उतरलेली गोष्ट उत्तम कशी, असं त्यांनी बिनतारी इंटरनेट जोडायला आलेल्या मिस्त्रीला रीतसर विचारलं. मिस्त्री म्हणाला, सिग्नल असाच मोजतात. उणे पंचावन्न झकास, उणे पासष्ट बरा, उणे ऐंशीला तो मान टाकतो. त्या दिवसापासून नाना त्याला उणेमास्तर म्हणू लागले. तो माणूस इतका शांत, की पुढे फोनवरही स्वतःची ओळख तो "मी उणेमास्तर बोलतोय" अशीच करून द्यायला लागला.

एक डिश नानांच्या इमारतीच्या गच्चीवर होती आणि दुसरी दरीपलीकडच्या डोंगरावर, अक्काच्या घराच्या गच्चीवर. दोघींच्या मध्ये अकरा किलोमीटर हवा. सरळ रेषेत अकरा, रस्त्याने जायचं तर दोन बस आणि तीन तास. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेली, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. गेल्या चार-पाच वर्षांत तिचे कान पार गेले होते. यंत्र लावून बघितलं, तर त्यातून म्हणे माणसं सोडून बाकी सगळं ऐकू यायचं. मग तिने ते डबीत ठेवून दिलं आणि लोकांचे ओठ वाचायला शिकली. ते मात्र तिला असं साधलं, की तिच्यासमोर नुसतं पुटपुटायचीही सोय राहिली नाही.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, आता खाली नानांकडे राहायला या. अक्काने सगळ्यांचे ओठ नीट वाचले आणि नाही म्हणाली. ते घर तिने शिक्षिकेच्या पगारात एकेक भिंत करत बांधलं होतं. त्यावर नानांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे एक कागद केला. रोज संध्याकाळी सहा वाजता इंटरनेटवरून अक्काचं दर्शन झालं पाहिजे. दर्शन म्हणजे चेहरा 'स्पष्ट व हलता' दिसणे. सलग पंधरा दिवस असं दर्शन न झाल्यास अक्का कोणतीही सबब न सांगता खाली येईल. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून नानांच्या पत्नीची. या पत्नींना सगळी इमारत काकू म्हणते, म्हणून आपणही काकूच म्हणू.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. सहाच्या ठोक्याला अक्का केस विंचरून लॅपटॉपसमोर हजर. तिने दिवसभराचं सांगायचं, नानांनी ओठ मोठे मोठे करून उत्तरं द्यायची. रोज भेट होतेच आहे म्हणून नाना पाच महिन्यांत एकदाही वर गेले नाहीत. हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि मग नानांना बुद्धी झाली.

झालं असं, की थंडीची पहिली झुळूक आली त्या सकाळी नाना कपाट आवरत होते. खात्यातून निरोपाच्या वेळी मिळालेलं होकायंत्र हाती लागलं. नकाशावरून अक्काच्या घराची दिशा त्यांनी जोडणीच्या वेळीच काढून ठेवली होती. म्हटलं, बघू तरी उणेमास्तरने डिश बरोबर लावली आहे का. गच्चीवर जाऊन त्यांनी होकायंत्र डिशच्या खांबाला टेकवून धरलं, एक डोळा मिटला, आणि पाहतात तो काय, डिश तीन अंशांनी चुकलेली. अकरा किलोमीटरला तीन अंश म्हणजे पलीकडे पावणेसहाशे मीटरची चूक. एवढ्या चुकीला खात्यात असताना त्यांनी माणसाला घरी बसवलं असतं. नानांनी पान्हा आणला, नट सैल केला, डिश तीन अंश फिरवली, नट आवळला आणि हात झटकले. याबद्दल कुणाला काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. दुसऱ्याची चूक गुपचूप सुधारण्यात एक मोठेपणा असतो.

त्याच संध्याकाळी चित्र थरथरायला लागलं. अक्काने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "तुला थंडी वाजतेय का रे?" नाना म्हणाले, नाही. पण 'नाही' म्हणताना त्यांची मान तीन तुकड्यांत हलली, त्यामुळे अक्काला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने मध्येच विचारलं, ती डिश केवढी असते रे, म्हणजे घेर? मापाचा प्रश्न आला की नानांना भान राहत नाही. व्यास तीस सेंटीमीटर, म्हणजे घेर चौऱ्याण्णव, पुढे थोडा बाक, असं त्यांनी ओठ ताणून ताणून सांगितलं. अक्काने लिहून घेतलं. म्हातारपणी माणसाला कसलंही कुतूहल वाटतं, असं नाना नंतर काकूंना म्हणाले.

आठवडाभरात नुसती थरथर परवडली म्हणायची वेळ आली. सहा वाजता अक्काचा चेहरा यायचा तो पाटीवर काढल्यासारखा थिजलेला. ती पुढची चार वाक्यं बोलून मोकळी व्हायची, तेव्हा इकडे पहिल्या वाक्याचा डोळा मिटायचा. नानांनी विचारलं, "गोळी घेतलीस का?" त्यातल्या 'का'वर त्यांचं तोंड उघडं असतानाच चित्र अडकलं. तिकडून अक्का म्हणाली, एवढ्या जांभया येतात तर जाऊन पड बरं जरा. मग पडदा काळा झाला. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला एक फुली मारली. साक्षीदाराचं काम त्या चोख करत.

उणेमास्तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आला. त्याने वायरी हलवल्या, जोड तपासले आणि म्हणाला, उणे बासष्ट, चाललंय की. फक्त आधी पंचावन्न होता, मधले सात कुठे गेले कळत नाही. नाना दुसरीकडे बघत राहिले. मग संध्याकाळी सहाला तो पुन्हा आला, तर आकडा उणे ब्याऐंशी. सकाळी पुन्हा बासष्ट. दिवसा धडधाकट आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळणारा हा आजार त्यानेही पाहिला नव्हता. दरीत संध्याकाळी काहीतरी होतंय, एवढंच तो म्हणाला.

दरीत काय होतंय हे इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तळमजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, धुकं. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. नानांनी सगळ्यांच्या दोऱ्या हलवल्या, त्यापायी एका शेजाऱ्याचा लेंगा उडून गेला आणि तो अजून सापडलेला नाही. कुणी डिशच्या मागे परात बांधायला सांगितली. नानांनी तीही बांधली. मोजणी खात्याचा निवृत्त अधिकारी संध्याकाळी गच्चीवर परात बांधतो आहे हे दृश्य समोरच्या इमारतीनेही पाहिलं. शेवटी प्राध्यापकांनी शोध लावला, की सहा वाजता सगळे आपापलं इंटरनेट लावतात म्हणून हवेत गर्दी होते. त्यांनी घरोघर जाऊन निरोप दिला. नवव्या दिवशी सहा ते साडेसहा अख्ख्या इमारतीने सगळी यंत्रं बंद ठेवली आणि करायला काही नाही म्हणून माणसं जिन्यात येऊन बसली. वरच्या बाईंची रोजची मालिका बुडाली. नाना लॅपटॉप घेऊन खाली आले. उणे ब्याऐंशी, असं नानांनी सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे असे काही पडले, की नानांना क्षणभर आपलंच दुःख विसरायला झालं.

झाडाचा विषय त्याआधीच सुरू झाला होता. समोरच्या बागेतल्या निलगिरीची एक फांदी बरोबर डिशच्या वाटेत आली होती. उणेमास्तरने समजावलं, की लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत, मध्ये लोडासारख्या फुगतात, त्यामुळे बाजूची फांदीसुद्धा अडवते. नाना अर्ज घेऊन उद्यान विभागात गेले. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'सदर फांदी ही माझ्या व माझ्या थोरल्या भगिनीच्या मध्ये येत आहे.' तिथल्या लिपिकाने तो दोनदा वाचला आणि सहानुभूतीने सांगितलं, की वाटणीच्या भांडणाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. नानांनी मग फुगलेल्या लोडाचं सगळं सांगितलं. लिपिक म्हणाला, जमिनीतून उगवलेलं असेल ते आमच्याकडे, हवेतलं आमच्याकडे येत नाही. छापील अर्जात कारणं तीनच होती, रोगट, मृत आणि धोकादायक. धोकादायकवर खूण करा, काम लवकर होईल, असा सल्लाही त्यानेच दिला.

काम लवकर झालं हे मान्य केलं पाहिजे. तिसऱ्याच दिवशी, म्हणजे अकराव्या फुलीच्या सकाळी, दोर-कुऱ्हाडी घेऊन पाच माणसं आली. धोकादायक झाड म्हणून त्यांनी अख्खा रस्ता बंद केला. आत अडकलेल्या गाड्यांचे मालक नानांच्या दारात जमले. त्यांची समजूत घालून नाना खाली पोचेपर्यंत माणसांनी बाकाशेजारचं झाड बोडकं करून टाकलं होतं. त्या बाकावर प्राध्यापक आणि त्यांचा कंपू रोज सावलीत बसायचा. नानांनी हाता-पाया पडून खरी फांदीही तोडून घेतली. तेव्हापासून कंपू छत्र्या उघडून बाकावर बसू लागला, तोही नानांच्या खिडकीकडे तोंड करून. संध्याकाळी आकडा उणे ब्याऐंशीच होता.

काकूंनी चौदावी फुली मारली. त्यांनी आतली खोली केव्हाच रिकामी करून ठेवली होती. चांगली गादी, हाताशी दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी. त्यांना अक्का मनापासून हवी होती. नाना त्या खोलीत जाऊन उभे राहिले. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि भिंतीवरून उतरणारा पाइप. अक्काच्या खिडकीतून अख्खी दरी दिसते, तिथे बसून तिने चाळीस वर्षं विणलं. इथे ती कुणाला काही बोलणार नाही, दिलेल्या शब्दाप्रमाणे मुकाट राहील, आणि पाइप बघत बसेल. पंधरा दिवसांची अट नानांच्याच हातची होती. 'सलग' हा शब्दही त्यांनीच घातला होता.

पंधराव्या दिवशी दुपारी ते उणेमास्तरला म्हणाले, "पलीकडचं टोक संध्याकाळी बघायचं राहिलंय." उणेमास्तरने गाडी काढली. नानांनी खिशात करारनामा घेतला आणि दुसऱ्या खिशात होकायंत्र.

ते पोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. दार उघडंच. अक्का बैठकीत नाही, स्वयंपाकघरात नाही. नानांना न्हाणीघर आठवलं आणि ते तिकडे धावले. तिथेही नव्हती. मग उणेमास्तरने मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. अक्का एक हात भिंतीला धरून, एकेका पायरीवर दम खात वर चढत होती. हाक मारून उपयोग नाही, आणि मागून हात लावावा तर दचकून पडेल. म्हणून दोघं श्वास रोखून तिच्या मागे मागे चढले. तिच्या दुसऱ्या हातात निळ्या लोकरीचं काहीतरी होतं.

गच्चीवर पोचून अक्का डिशपाशी गेली. पदराने तिने डिश पुसली. मग हातातली भलीमोठी कानटोपी तिच्यावर चढवली, कडा खाली ओढल्या, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मागे नाडीची गाठ मारली. टोपीला आतून चंदेरी अस्तर होतं, जेवण गरम ठेवायच्या पिशवीतून उसवून काढलेलं. वळली तेव्हा तिला हे दोघं दिसले.

"अरे," ती म्हणाली, "तू इकडे? मग आता सहाला तिकडे कोण दिसणार?"

नानांनी टोपीकडे बोट केलं. अक्का जराशी लाजली. तिने सांगितलं ते असं, की त्या दिवशी थंडी पडली आणि नाना चित्रात कुडकुडायला लागले. तिने ओळखलं, की गारठा नानांना नाही, या बापडीला लागतो आहे. उघड्यावर, डोंगराच्या टोकावर, वाऱ्याच्या तोंडी ती उभी. नानांकडून माप घेऊन तिने टोपी विणली. तरी कुडकुडणं थांबेना, म्हणून मग अस्तर लावलं. रोज सहाच्या आधी घालायची आणि ऊन आलं की काढायची. हसाल म्हणून कुणाला बोलली नाही. तिच्या खोलीत दुसरी, दुहेरी विणीची टोपी निम्मी झाली होती.

उणेमास्तरने यंत्र लावलं. आकडा आला उणे ब्याऐंशी. त्याने हळूच गाठ सोडून टोपी काढली. उणे बासष्ट. नानांनी डोळे वटारून त्याला गप्प राहायची खूण केली. पण तो नानांकडे बघतच नव्हता आणि अक्का त्याच्या ओठांकडे बघत होती. तो स्वतःशीच पुटपुटला, "या टोपीनेच सगळं अडवलंय."

अक्काचा चेहरा एकदम लहान झाला. ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. टोपी तिने मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "माझ्या हाताने मीच घालवलं म्हणायचं."

नानांनी खिशात हात घातला, तर हाताला होकायंत्र लागलं. कठीण प्रसंगी ते मोजणी करत. खांबापासून लांब, गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी आपल्या इमारतीवर नजर धरली आणि दिशा वाचली. मोजणीत जायची आणि यायची दिशा यांत बरोब्बर एकशे ऐंशी अंशांचं अंतर असतं. नकाशावरून काढलेल्या दिशेशी इथे ते तेवढंच भरलं, पण होकायंत्र डिशच्या खांबाजवळ नेलं की काटा तीन अंश सरकत होता. नानांनी पुन्हा वाचलं. मग त्यांना आपल्या गच्चीवरचा तो लोखंडी खांब आठवला, ज्याला टेकवून त्यांनी होकायंत्र धरलं होतं. चौतीस वर्षं ते शिकाऊ उमेदवारांवर एकच वाक्य ओरडत आले होते. लोखंडाजवळ होकायंत्र धरू नका.

ते अक्कासमोर जमिनीवरच बसले, म्हणजे तिला ओठ नीट दिसतील.

"अक्का, सुरुवात तू केली नाहीस," ते म्हणाले. "मी केली. डिश चांगली होती, ती मी फिरवली. होकायंत्र लोखंडाला टेकवून."

अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बरोबर वाचलं ना, अशी शंका आली असावी.

"लोखंडाला?" तिने विचारलं.

"लोखंडाला."

"तू?"

नानांनी मान हलवली, आणि या वेळी ती अखंड हलली. मग अक्का हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग सगळी. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते निळ्या टोपीने पुसले. उणेमास्तर विनाकारण वायर गुंडाळत राहिला. मधले सात कुठे गेले हे त्याला आज कळलं होतं, पण तो एक शब्द बोलला नाही. सज्जन माणूस.

हसून झाल्यावर अक्का गंभीर झाली. आज पंधरावा दिवस, तिने आठवण करून दिली. शब्द म्हणजे शब्द, पेटी भरते म्हणाली. नानांनी करारनामा काढून तिच्यापुढे धरला आणि व्याख्येवर बोट ठेवलं. दर्शन म्हणजे चेहरा स्पष्ट व हलता दिसणे. घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. कुठून दिसणे, असं कुठे लिहिलंय का बघ, ते म्हणाले. अक्काने कागद दोनदा वाचला. नाही, लिहिलेलं नव्हतं. मग नानांनी तिथेच खाली एक कलम वाढवलं, की अक्का यापुढे गच्चीवर चढणार नाही आणि नाना दर रविवारी दोन बस करून वर येतील. साक्षीदार म्हणून उणेमास्तरने सही केली. सही उणेमास्तर अशीच केली.

दुसऱ्या दिवशी नानांची डिश तीन अंश परत फिरवण्यात आली. खांबाला हात लावायच्या आधी नानांनी होकायंत्र काकूंकडे नेऊन दिलं आणि कपाटाला कुलूप घालायला सांगितलं. सहा वाजता उणे पंचावन्न आला. एकदम उत्तम, असं नाना स्वतःच म्हणाले. वरच्या बाई, प्राध्यापक, छत्र्यांचा कंपू, सगळे दाराशी जमले होते. पडद्यावर अक्का आली, केस विंचरलेली, आणि पापणीसुद्धा जागच्या जागी लवली.

नाना समोर बसले होते ते निळी कानटोपी घालून. चौऱ्याण्णव सेंटीमीटरचा घेर, त्यामुळे दोन घड्या घातल्या तरी ती भुवयांवर येत होती. नाडी त्यांनी हनुवटीखाली बांधली होती. चंदेरी अस्तर कानाशी इतकं चुरचुरत होतं, की मागून काकू काय म्हणत होत्या, प्राध्यापक का हसत होते, त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी पुढे वाकून अक्काचे ओठ वाचले.

"आता नाही कुडकुडत," अक्का म्हणत होती.

नानांनी नाडी आणखी थोडी आवळली आणि ओठ मोठे करून तिला विचारलं, गोळी घेतलीस का?